कोकणच्या गरजांशी संबंध नाही? संशोधन अनुदान समितीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
संशोधन अनुदान निवड समिती

विषय: तुटलेल्या शिरा (स्नायूला हाडाशी बांधणारे टेंडन) आणि लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारे दोर) जुळवण्यासाठीच्या स्कॅफोल्डचा, म्हणजे नवी शीर भरून येईपर्यंतच्या तात्पुरत्या आधाराचा, आमचा प्रस्ताव आणि त्यावरचा आपला शेरा

महोदय, महोदया,

आपले पाकीट गेल्या महिन्यात कॉलेजात पोचले. जाड होते, म्हणून आमचे शिपाईमामा 'मॅडम, मंजूर झाला वाटता' असे म्हणत ते स्टाफरूमपर्यंत धावत घेऊन आले. जाड होते कारण आमचाच ४३ पानांचा प्रस्ताव आत परत आला होता. वर आपले एक पान आणि त्यात कामाची एकच ओळ: 'विषय चांगला असला तरी कोकणच्या गरजांशी त्याचा थेट संबंध दिसत नाही.'

अनुदान नाकारण्याचा आपल्याला अधिकार आहे. पैसे मोजके असतात, अर्ज ढीगभर येतात, हे मला कळते. आमच्या प्रस्तावात कच्चे दुवे होते, तेही मला ठाऊक आहेत. त्यांवर बोट ठेवले असते तर मी गप्प बसून पुढच्या वर्षीच्या तयारीला लागले असते. पण आपण बोट ठेवले ते कोकणावर. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. ज्यांच्या खांद्यांबद्दल आणि बोटांबद्दल आपण हा निकाल दिलात, ती माणसे आपल्या कचेरीत कधी येणार नाहीत. निदान हे पत्र तरी ती वाचतील.

माझे वडील रापणकार. मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या रापण संघात त्यांनी चाळीस वर्षे दोर ओढला. ज्यांनी रापण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी जाळे सोडत समुद्रात अर्धगोल फिरते, जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्याला येतात आणि दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात. टाच वाळूत रुतवायची, अंग मागे टाकायचे, ओढत ओढत मागे जायचे, शेवटाला पोचले की दोर सोडून पुन्हा पाण्याकडे यायचे आणि पहिल्यापासून सुरू. हल्ली पर्यटक येऊन दोन मिनिटे दोराला हात लावतात, फोटो काढतात. त्यांचा काही दोष नाही, मलाही लहानपणी ती मजाच वाटायची.

आज बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सदरा घालताना ते डाव्या हाताने उजवा हात उचलतात आणि बाहीत सोडतात, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा. केस विंचरताना हात डोक्याकडे नेत नाहीत, डोके हाताकडे नेतात. गोव्याला नेऊन एमआरआय केला तेव्हा कळले की खांदा उचलणारी शीर हाडापासून सुटून मागे आकसली आहे आणि तिला जोडलेला स्नायू चरबीने भरला आहे. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, काही वर्षांपूर्वी आणले असते तर टाके घातले असते. पण एवढ्या मोठ्या फाटीतले टाके पुष्कळदा पुन्हा सुटतात, म्हणून तेव्हाही हमी दिली नसती. बाबा बाहेर येऊन एवढेच म्हणाले, "हो खांदो आता माझो नाय गो, रापणीचो."

आता माझ्या मामेभावाचे बोट. बंदरावर मासे कापताना कोयती सटकली आणि तर्जनीच्या मुळाशी लागली. जवळच्या एका दवाखान्यात कातडीला चार टाके पडले, पट्टी झाली, आत काय तुटले ते कुणी बघितले नाही. तीन आठवड्यांनी पट्टी निघाली तेव्हा बोट सरळच्या सरळ. मूठ मिटली तरी ते एकटे बाहेर, शाळेत हात वर केल्यासारखे. शीर तुटून तळहातात मागे सरकली होती आणि आता ओढून जुळण्यापलीकडे गेली होती. अशा वेळी दुसरीकडची शीर काढून तिथे घालतात, बहुधा मनगटातली. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट जरा आत वाकवा, मधोमध जी दोरी वर येते ती. ती नसली तरी फारसे अडत नाही. पण काही माणसांना ती जन्मतःच नसते, आणि माझ्या भावाला दोन्ही हातांना नव्हती. शेवटी पायातली काढावी लागली. एका घराचे वासे काढून दुसरे शाकारायचे, असा हा उद्योग. बोट आता अर्धे वाकते.

ही दोन माणसे माझ्या घरातली. माडावर चढणारे, हापूसच्या दिवसांत झाडावरून घसरणारे, चिरेखाणीत जांभा उचलणारे, शिमग्यात पालखी खांद्यावर नाचवणारे आणि गावोगावच्या मॅटवर गुडघा फिरून बसलेले कबड्डीपटू मी मोजायला घेत नाही. ते आमच्या परिशिष्टात होते. परिशिष्टाबद्दल पुढे सांगते.

आमच्याकडे टेंडन, लिगामेंट, नस, सगळ्यालाच शीर म्हणतात. स्नायूला हाडाशी बांधते ते टेंडन, हाडाला हाडाशी बांधते ते लिगामेंट. दोन्ही मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे दोर आहेत. दोर हा शब्द मी शोभेसाठी वापरत नाही. बारीक तंतू, तंतूंची लड, लडींचा पेड आणि पेडांचा दोर, अगदी काथ्याच्या सुंभासारखी रचना. सैल असताना तंतूंना बारीक लाटा असतात; पहिल्या ओढीत त्या सरळ होतात आणि मग खरा ताण बसतो. लांबीच्या साधारण ४ टक्क्यांपुढे ताणले की आतले तंतू तुटू लागतात, ८ ते १० टक्क्यांना दोर जातो. रक्तपुरवठा मुळात कमी. त्यामुळे कातडी आठवड्या-दोन आठवड्यांत धरते तिथे शिरेला महिने लागतात, आणि भरून आलेली जागा वणासारखी असते, तंतू आडवेतिडवे, मूळच्या ताकदीला न पोचणारे. गुडघ्याच्या आतले पुढचे लिगामेंट, म्हणजे कबड्डीवाल्यांच्या तोंडी असलेले एसीएल, ते तर बहुतेक वेळा जुळतच नाही. तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची जी गुठळी टिकायला हवी ती सांध्यातल्या द्रवात विरघळून जाते. पूल बांधायला खांबच उभा राहत नाही.

स्कॅफोल्ड म्हणजे काय हे मी वर्गात स्लॅबच्या सेंट्रिंगवरून सांगते. काँक्रीट ओले असताना फळ्या आणि टेकू त्याला आकारात धरतात. लवकर काढले तर स्लॅब खाली, कधीच काढले नाहीत तर घरात राहणार कसे? शिरेच्या स्कॅफोल्डचेही तेच. शरीरातल्या पेशींना धरायला, शिरायला आणि रांगेत लागायला जागा द्यायची, नवे कोलॅजेन तयार होईपर्यंत ताण सोसायचा आणि त्याच गतीने स्वतः विरघळून जायचे. अवघड आहे ते हे 'त्याच गतीने'.

नुसती ताकद पुरत नाही, हे जगाने महागात शिकून झाले आहे. १९७० आणि ८०च्या दशकांत कार्बनचे तंतू, डॅक्रॉन, गोरटेक्स असे भक्कम कृत्रिम दोर माणसांच्या गुडघ्यांत बसवले गेले. गोरटेक्सच्या लिगामेंटला १९८६मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली. दोर भक्कम होते पण निर्जीव. वापराने झिजले, भुगा सांध्यात पडला, गुडघे सुजले, कित्येक दोर तुटले, आणि बहुतेक सर्जनांनी ती वाट सोडली. बॉस्टनच्या डॉ. मार्था मरे यांनी प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला: गुठळी विरघळते ना, मग गुठळीलाच आडोसा देऊ. गाईच्या कोलॅजेनचा स्पंजासारखा तुकडा रुग्णाच्याच रक्तात भिजवून तुटलेल्या एसीएलच्या टोकांमध्ये बसवायचा. साधारण ८ आठवड्यांत तो शरीरात जिरतो. २०१५मध्ये तो पहिल्यांदा माणसात बसवला गेला आणि डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली.

आता हाच तुकडा आमच्या वाडीत आणा. पहिला प्रश्न येणार, 'कित्यापासून केलेलो असा?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही, उपचार घेणाऱ्याचा तो हक्क आहे. आणि त्याचे एक उत्तर आमच्या मासळी बाजारात रोज सकाळी पाटाखाली साचते. तांबोशी, घोळ यांच्या खवल्यांत कोलॅजेन असते, तेही शिरेत असते त्याच जातीचे. शीतगृहातल्या तापमानाला सौम्य आम्लात ते सोडवता येते, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होण्यासारखे काम आहे. अडचणही सांगते, कारण ती आम्ही अर्जातही सांगितली होती: माशाचे कोलॅजेन प्राण्यांच्या कोलॅजेनपेक्षा कमी उष्णतेला उकलते. थंड समुद्रातल्या माशांचे फार लवकर, आपल्यासारख्या उष्ण पाण्यातल्या माशांचे त्या मानाने उशिरा. तरीही ३७ अंशांच्या शरीरात ते एकटे तग धरेल असे नाही. म्हणून आम्ही ताण सोसायला रेशीम घेतले. रेशमाच्या धाग्यावरचा सेरिसिन हा डिंक सोड्याच्या पाण्यात उकळून काढला की शरीर उरलेला धागा बऱ्यापैकी सहन करते, आणि तो ताकद हळूहळू सोडतो, महिन्यांच्या हिशेबात. त्या धाग्याचा पट्टा विणायचा आणि त्यावर खवल्यांच्या कोलॅजेनचा स्पंज धरायचा, एवढाच आमचा प्रस्ताव. माणसात घालायचे नाव नाही. प्राण्यातही नाही. विणायचे, ताणायचे, पेशी धरतात का ते बघायचे.

विणकाम आम्ही कुणाकडून करून घेतले, तर जाळी विणणाऱ्या दोन बायकांकडून. पहिली वेणी मुलांनी घातली होती, घट्ट आणि देखणी. त्यातल्या एका काकींनी ती नखाने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "ह्याका आसच नाय. आत जातला काय?" आस म्हणजे जाळ्याच्या घराचे माप. पेशी आत शिरायला छिद्रे किती मोठी हवीत यावर ढीगभर शोधनिबंध आहेत. काकींनी तो मुद्दा एका श्वासात काढला. दुसरा पट्टा त्यांनी सैल घरांचा विणून दिला.

मग तो ताणायचा कशावर? आमच्याकडे यंत्र नाही. एका अभियांत्रिकी कॉलेजने त्यांचे यंत्र दोन तास दिले, त्यांचे उपकार. ते बांधकामाच्या सळ्या तोडायचे यंत्र. आमचा बोटभर लांबीचा पट्टा त्याच्या जबड्यात धरला की एक तर सटकायचा, नाहीतर जबड्याच्या कडेवरच तुटायचा, म्हणजे मोजमाप पट्ट्याचे होतच नव्हते, जबड्याचे होत होते. घरी येऊन मी कुरकुरत होते. बाबा पडवीत बसून ऐकत होते. म्हणाले, "दोर गाठीत तुटता. गाठ मारू नको, खुंट्याक वळसो दी." दुसऱ्या खेपेला आम्ही दोन्ही टोकांना गुळगुळीत नळीचे तुकडे बसवून पट्टा त्यांच्याभोवती तीन वेढे गुंडाळला. सटकायचा थांबला आणि मधोमध तुटला. नंतर वाचले तेव्हा कळले, दोर आणि धागे तपासण्याच्या प्रयोगशाळांतही हीच रीत आहे. आकडा मात्र भरवशाचा मिळाला नाही. एवढ्या मोठ्या यंत्राला एवढासा ताण नीट कळत नाही. तरुण माणसाचे एसीएल सुमारे २,१६० न्यूटनला तुटते, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन टांगल्यासारखे. आमचा पट्टा त्याच्या पासंगालाही पुरला नसता आणि अर्जात आम्ही तसे लिहिले होते. त्यासाठीच तर लहान ताण मोजणारे यंत्र मागितले होते.

आता तक्रारी.

पहिली त्या ओळीची. ती वर बरीच झाली, पुन्हा उगाळत नाही.

दुसरी परिशिष्टाची. आमच्या विद्यार्थ्यांनी दोन सुट्ट्या खर्चून तीन वाड्यांत घरोघर जाऊन कोणाचा हात वर जात नाही, कोणाचे बोट मिटत नाही, कोणी कुठे दाखवले, किती उशिरा दाखवले हे लिहून काढले. प्रस्ताव पावसाळ्यात पाठवला होता. आमच्याकडच्या दमट हवेने परिशिष्टाची पाने एकमेकांना चिकटली होती, हे पाठवतानाच लक्षात आले, पण मुदतीचा शेवटचा दिवस होता. ती पाने परत आली तेव्हा तशीच चिकटलेली होती. एकही सुटे झालेले नव्हते. 'कोकणची गरज दिसत नाही' हा शेरा खरा आहे; दिसण्यासाठी पान उलटावे लागले असते.

तिसरी सादरीकरणाची. 'उद्या सकाळी ११ वाजता हजर राहावे' अशी मेल आम्हाला दुपारी चार वाजता आली, तीही गणपतीच्या आदल्या आठवड्यात. त्या दिवसांत कोकण रेल्वेचे तिकीट काय असते हे मी सांगायला नको. व्हिडिओवरून बोलू द्या अशी विनंती केली, उत्तर आले नाही. गैरहजर अशी नोंद मात्र झाली.

चौथी जरा मोठी आहे. आपल्या समितीत प्राध्यापक आहेत, उद्योगातले लोक आहेत. रोज तुटलेल्या शिरा पाहणारा सर्जन नाही, आणि ऑपरेशननंतर ते बोट महिनोन्‌महिने हलवून घेणारा फिजिओथेरपिस्ट तर नाहीच नाही. याचा स्कॅफोल्डशी काय संबंध, असे कुणी विचारील. फार जवळचा आहे. प्रयोगशाळेत स्कॅफोल्डवर पेशी वाढवताना त्याला यंत्राने लयीत, थोडा थोडा ताण देत राहतात, कारण ओढ मिळाली तरच पेशी ओढीच्या दिशेने रांगेत लागतात आणि तसे कोलॅजेन विणतात. न ओढता ठेवलेला तुकडा म्हणजे नुसता गुंता. माणसाच्या शरीरात तेच काम फिजिओथेरपिस्ट करतो. फार लवकर फार ओढले तर टाका तुटतो, अजिबात हलवले नाही तर शीर आजूबाजूला चिकटून बसते. माझ्या भावाला पायातली शीर बोटात घातल्याच्या ऑपरेशननंतर आठवड्यातून दोनदा व्यायामाला बोलावले होते. एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी. तो चार वेळा गेला. समितीत असे कोणी असते तर आमच्या प्रस्तावातला खरा कच्चा दुवा त्यांनी नेमका पकडला असता, कारण पट्टा बसवल्यावर पुढे काय याबद्दल आम्ही जेमतेम अर्धे पान लिहिले होते.

'किनाऱ्यावरच्या छोट्या गावात असले काम होत नसते' असे आपल्यापैकी एका सदस्यांनी आमच्या प्राचार्यांना फोनवर सांगितल्याचे कळले. आइसलँडच्या वायव्य टोकाला इसाफ्योर्दुर नावाचे मासेमारीचे गाव आहे, आपल्या एखाद्या मोठ्या वाडीएवढ्या वस्तीचे. तिथल्या केरेसिस या कंपनीने कॉड माशाची टाकाऊ कातडी जखमा भरण्यासाठी वापरात आणली, २०१३मध्ये अमेरिकेची परवानगी मिळवली, आणि २०२३मध्ये डेन्मार्कच्या कोलोप्लास्टने ती कंपनी १३० कोटी डॉलरपर्यंतच्या किमतीला घ्यायचे ठरवले. ते काम जखमांचे आहे, शिरांचे नाही, हा फरक मला मान्य आहे. आइसलँड लांब वाटत असेल तर आपल्याच अरबी समुद्राच्या काठावर तिरुवनंतपुरमला श्री चित्रा तिरुनाल संस्था आहे. १९९०मध्ये तिथली स्वदेशी हृदयझडप पहिल्या रुग्णाला बसली. डुकराच्या पित्ताशयापासून तिथे तयार केलेल्या कोलेडर्म या स्कॅफोल्डला २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. आणि कोकणातही ओरोस आणि अलिबागला २०२१मध्ये, रत्नागिरीला २०२३मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. सर्जन, मासे, जाळी विणणारे हात आणि तुटलेल्या शिरा, सगळे आता एकाच महामार्गावर आहे. महामार्ग पूर्ण व्हायचा आहे, तो विषय वेगळा.

मागण्या अशा:

एक. 'कोकणच्या गरजांशी संबंध नाही' हा शेरा मागे घ्यावा, किंवा तो कशाच्या आधारावर दिला ते लेखी कळवावे. प्रस्ताव नाकारलेलाच राहिला तरी चालेल, पण नाकारण्याचे कारण खरे हवे.

दोन. आरोग्याशी संबंधित प्रस्ताव तपासताना एक अस्थिरोगतज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट बसवावा. किनारपट्टीचा प्रस्ताव असेल तर मच्छीमार संस्थांचा एक प्रतिनिधीही असावा, आणि त्याला चहापुरता बोलावू नये.

तीन. सादरीकरणाची सूचना किमान ७ दिवस आधी द्यावी आणि जिल्ह्याबाहेरच्यांना व्हिडिओवरून बोलू द्यावे.

चार. धागे, पट्टे, ऊतींचे नमुने अशा लहान ताणाच्या चाचणीचे एक यंत्र कोकणातल्या कुठल्याही एका कॉलेजात सामाईक वापरासाठी द्यावे. आमच्याकडेच हवे असा हट्ट नाही. एसटी जाते तिथे आम्ही जाऊ.

पाच. तालुक्याच्या रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट नेमणे आपल्या हातात नाही, मला माहीत आहे. पण आपल्या शिफारशीला वजन आहे. ती करावी.

पहिल्या मागणीचे उत्तर ३० दिवसांत मिळावे. परिशिष्टाची पाने मी वाफेवर धरून सुटी केली आहेत आणि त्यांची नवी प्रत सोबत जोडली आहे. आपल्यापैकी कोणाला प्रत्यक्ष यायचे असेल तर १ जूनला मासेमारी बंद होण्याआधी यावे. रापण ओढायची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करावा. बाबा वेळ सांगतील.

आपली,
मालवण तालुक्यातील एक प्राध्यापिका